गाडीची नाडी बघताना

भेंडी घेताना आपण टोक मोडून बघतो. नारळ कानाशी नेऊन हलवतो, कलिंगडावर टिचकी मारतो, साडीचा पदर उलटा करून मागचे धागे बघतो. दहा रुपयांची कोथिंबिरीची जुडीसुद्धा आतून उलगडून बघितल्याशिवाय पिशवीत टाकत नाही. पण तीच बाई चार-पाच लाखांची जुनी गाडी बघायला गेली, की मागच्या सीटवर बसते, ‘रंग छान आहे हं’ म्हणते आणि बाकीचं सगळं बरोबरच्या पुरुषमाणसांवर सोडून देते. गाडीतलं आपल्याला काय कळतं, असं आपणच ठरवून टाकलेलं असतं.

खरं तर हल्ली छोट्या गावांतूनही कितीतरी जणी गाडी चालवतात. शाळेत जाणाऱ्या बाई, डबे पोचवणाऱ्या ताई, आठवड्याच्या बाजाराला माल नेणाऱ्या मावशी. सगळ्यांनाच नवी गाडी परवडत नाही. जुनी घ्यावी लागते. आणि जुनी घेताना फसलं, तर आयुष्यभराची भिशी एका गॅरेजच्या बिलात जाते. म्हणून आज थोडं इंजिनाबद्दल बोलू या. घाबरू नका, स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बाईला न कळण्यासारखं त्यात काही नाही.

माझी गरज साधी होती. सासूबाईंचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा. वाईहून साताऱ्याला जायचं, पहाटे साडेपाचला निघायचं. आमचे हे नोकरीनिमित्त बाहेरगावी. भाड्याच्या गाडीला एका खेपेचे दीड हजार रुपये, म्हणजे महिन्याला बारा-तेरा हजार नुसते जाण्या-येण्यात. शिवाय डायलिसिस झाल्यावर सासूबाई इतक्या थकतात, की एक मिनिट जास्त थांबणं त्यांना नको होतं. मला गाडी चालवता येते. म्हटलं, आपलीच गाडी घेऊ. शिवणाच्या क्लासमधून साठवलेले पैसे, एक मोडलेली एफडी आणि दोन पाटल्या, असं मिळून पावणेपाच लाख जमले. यात बसणारी आणि वाटेत बंद न पडणारी गाडी हवी होती. दुसरी अट पहिलीपेक्षा मोठी. पेशंट घेऊन हायवेवर गाडी बंद पडली, तर काय करायचं?

जुन्या बाजारात आता टर्बो

चौकशी सुरू केल्यावर एक शब्द सारखा कानावर पडू लागला, तो म्हणजे ‘टर्बो’. ‘मॅडम, टर्बो आहे, घाटात विमानासारखी जाते.’

टर्बो काही नवीन नाही. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी नावाच्या इंजिनिअरने १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं. आपल्याकडे बोलेरो, डिझेल स्विफ्ट अशा गाड्यांना टर्बो होताच, आपण तो कधी नावाने ओळखला नाही इतकंच. फरक पडला तो पेट्रोलच्या छोट्या गाड्यांमुळे. २०१७ साली टाटाची नेक्सॉन आली, २०१९ला ह्युंदाईची व्हेन्यू आली, त्यांच्या पेट्रोल गाड्यांमध्ये टर्बो मिळू लागला. २०२०च्या एप्रिलपासून मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. त्या काळात घेतलेल्या टर्बो पेट्रोल गाड्या आता पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे चालल्या आहेत. तेव्हा जुनी गाडी बघायला गेलात, तर टर्बो समोर येणारच.

चुलीवर स्वयंपाक केलेल्या बायकांना टर्बो एका शब्दात सांगता येतो : फुंकणी. लाकडं तेवढीच, चूल तेवढीच, पण फुंकणीने वारा घातला की जाळ भडकतो. इंजिनात जास्त हवा दाबून भरली, की जास्त पेट्रोल जाळता येतं आणि छोटं इंजिन मोठ्या इंजिनाएवढी ताकद देतं. गंमत अशी, की ही फुंकणी फुंकायला वेगळं कोणी लागत नाही. सायलेन्सरकडे निघालेला इंजिनाचा गरम धूरच एक पंखा फिरवतो आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा ताजी हवा आत ढकलतो. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो. एका बाजूला लालबुंद करणारा धूर आणि मधे दांड्याला आधार फक्त इंजिन ऑइलच्या पातळ थराचा. म्हणजे ज्या गाडीचं ऑइल वेळेवर बदललं नाही, तिचा टर्बो आधी मरतो. हे एक वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

‘मिसिंग मारते’ म्हणजे काय?

गॅरेजमध्ये ‘गाडी मिसिंग मारते’ असं म्हणतात. कागदावर त्याला मिसफायर म्हणतात. उखळात तिघी जणी पाळीपाळीने मुसळ घालतात तेव्हा एक ठेका असतो. एकीचा घाव चुकला, की ठेका मोडतो आणि उरलेल्या दोघींवर ताण येतो. इंजिनातही तसंच. तीन किंवा चार सिलिंडर असतात, प्रत्येकात ठरलेल्या क्षणी पेट्रोल आणि हवेचा भडका उडतो. एखाद्या सिलिंडरमध्ये भडका उडालाच नाही किंवा अर्धवट उडाला, की गाडी थरथरते, झटके देते, चढाला दम सोडते.

भडका उडायला चार गोष्टी लागतात : हवा, पेट्रोल, ठिणगी आणि दाब. ठिणगी देतो प्लग, प्लगला वीज देते कॉइल, पेट्रोल फवारतो इंजेक्टर आणि दाब तयार करतो पिस्टन. चारपैकी काहीही बिघडलं, तरी बाहेरून दिसणारं लक्षण एकच : झटका. म्हणून मिसिंग हा आजार नव्हे, ते लक्षण आहे. घरात कोणाला ताप आला तर तो साध्या सर्दीचाही असू शकतो आणि टायफॉइडचाही. ताप बघून कोणी औषध देत नाही, कारण शोधतात. गाडीचंही तेच. प्लगचं काम दोन-तीन हजारांत होतं, इंजिन उघडावं लागलं तर लाखाच्या वर जातं. आणि विकणारा नेहमी काय सांगतो? ‘काही नाही हो, प्लग बदलला की झालं.’

पहिली गाडी

साताऱ्यात एका एजंटकडे २०१९ची एक टर्बो पेट्रोल गाडी बघायला गेले. तीन सिलिंडरची, पांढरी, आतून स्वच्छ, किंमत चार लाख साठ हजार. सकाळी दहाला गेले आणि आधी बॉनेटवर हात ठेवला. गरम! म्हणजे मी यायच्या आधी गाडी चालू करून तापवलेली होती. बरेचसे दोष गार इंजिनात दिसतात आणि तापल्यावर लपतात. मी म्हटलं, ‘उद्या सकाळी आठला येते. मी यायच्या आधी चालू करू नका.’ एजंट हसून म्हणाला, ‘मॅडम, साहेबांना घेऊन या ना, त्यांना समजावून सांगतो.’ मी म्हटलं, ‘गाडी मला चालवायची आहे, मलाच सांगा.’

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीच्या टोकाला गॅरेज असलेल्या चाचांना बरोबर नेलं. चाचांनी चाळीस वर्षं इंजिनं उघडली आहेत. त्यांनी ठरलेले सातशे रुपये मी आधीच हातात ठेवले होते. ओळखीचा माणूस फुकट नेला, की त्याला मोकळेपणाने ‘नको’ म्हणता येत नाही.

गाडी चालू केली. पहिलं अर्धा मिनिट ती अंगात आल्यासारखी हलली, मग हळूहळू शांत झाली. आता इथे एक लक्षात घ्या. तीन सिलिंडरची गाडी मुळातच थोडी थरथरते, तो दोष नाही. पण ती थरथर एकसारखी असते, शिलाई मशीनसारखी. मिसिंगची थरथर मधेच अडखळते, सुई कापडात अडकल्यासारखी. सायलेन्सरच्या तोंडापाशी हात धरला तर धुराचे धक्के एकसारखे लागायला हवेत. मधेच एखादा चुकतो का, ते हाताला कळतं.

मग चाचांनी खिशातून काडेपेटीएवढा स्कॅनर काढला आणि स्टिअरिंगखालच्या खाचेत लावला. आजकाल असा स्कॅनर हजार-दीड हजारात मिळतो आणि मोबाइलला जोडता येतो. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष त्यात दिसतात. मिसिंगचे कोड ‘पी०३०’ने सुरू होतात. पी०३०० म्हणजे कुठल्याही सिलिंडरमध्ये अधूनमधून चुकतंय. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा, पी०३०३ म्हणजे तिसरा. पी०२९९ आला तर टर्बो हवा कमी देतोय.

आमच्या गाडीत एकही कोड नव्हता. एजंट खूश. पण चाचा म्हणाले, ‘ताई, हे बघा.’ स्कॅनरमध्ये आणखी एक पान असतं. गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच्या वेगवेगळ्या भागांच्या चाचण्या घेत असतो आणि झालेल्या चाचणीपुढे ‘पूर्ण’ असं लिहितो. कोणी कोड पुसले किंवा बॅटरी काढली, की त्यातल्या बऱ्याच चाचण्या पुन्हा ‘अपूर्ण’ होतात आणि पूर्ण व्हायला काही दिवस गाडी चालावी लागते. इथे जवळजवळ सगळ्या अपूर्ण होत्या. बॅटरी नवीन बसवली असेल तरी असं दिसतं, म्हणून हा काही चोरीचा पुरावा नव्हे. पण बॅटरीवरची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. पाटी कोणीतरी नुकतीच पुसली होती.

घाट खरं बोलतो

टर्बो गाडीची मिसिंग सपाट रस्त्यावर, हळू चालवताना सहसा सापडत नाही. कारण तेव्हा फुंकणी जोरात फुंकतच नाही. चढाला टर्बो हवा दाबून भरतो, सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात प्लगला ठिणगी पाडायला जास्त वीज लागते. जोराच्या वाऱ्यात काडी पेटवण्यासारखं आहे ते. दमलेला प्लग किंवा तडकलेली कॉइल इथेच हात टेकते. म्हणून ‘एक चक्कर मारून या’ म्हणून बाजारपेठेतून फिरवून आणतात, त्या चकरेला काही अर्थ नाही.

साताऱ्याला लागूनच कासला जाणारा यवतेश्वरचा घाट आहे. आम्ही चौघं गाडीत बसलो, एसी लावला आणि घाट चढू लागलो. मोकळा सरळ टप्पा बघून तिसऱ्या गियरमध्ये, दोन हजारच्या फेऱ्यांवरून मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. (हे वळणावर किंवा मागेपुढे गाड्या असताना अजिबात करू नका.) गाडीने आधी ओढ घेतली आणि मग धक्, धक्, धक्. मागून कोणी पदर ओढतंय असं वाटलं. त्याच वेळी डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिनाचा दिवा लुकलुकू लागला.

हा दिवा स्थिर पेटला तर गाडी दाखवायला हवी. पण लुकलुकत असेल तर त्याचा अर्थ ‘आत्ता नुकसान होतंय’ असा असतो. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर असलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा भाग भाजून निघतो. चाचा म्हणाले, ‘पाय काढा, ताई.’ मी पाय काढला, गाडी बाजूला घेतली. स्कॅनर लावला. कोड आला होता : पी०३०३. तिसरा सिलिंडर.

एजंट म्हणाला, ‘इथेनॉलच्या पेट्रोलमुळे होतं हो हे, सगळ्याच गाड्यांना होतंय आता.’ वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२५पर्यंत देशभरातल्या पंपांवर आलं आणि जुन्या गाड्यांच्या बाबतीत त्यावरून बोललंही खूप जातं, हे खरं. पण एकाच पातेल्यातलं दूध तीन कपांत ओतलं आणि एकाच कपातलं नासलं, तर दोष दुधाचा की कपाचा? पेट्रोल तिन्ही सिलिंडरना एकाच टाकीतून जातं. मी हे बोलून दाखवलं, तेव्हापासून एजंट माझ्याशी बोलताना जरा जपून बोलू लागला.

कारण शोधायची युक्ती

खाली येऊन एजंटच्याच ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी लावली. चाचांनी जे केलं, ते इतकं सोपं आहे की प्रत्येकीने लक्षात ठेवावं. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून पहिल्यावर बसवली आणि पहिल्याची तिसऱ्यावर. मग कोड पुसून पुन्हा घाट. आता कोड पी०३०१ आला असता, म्हणजे दोष कॉइलबरोबर पहिल्या सिलिंडरमध्ये गेला असता, तर गुन्हेगार कॉइल. नवीन कॉइल घातली की प्रश्न मिटला. पण कोड आला पुन्हा पी०३०३च. कॉइल सुटली.

मग प्लग काढले. पहिला आणि दुसरा फिकट तांबूस-करडे, जसे असायला हवेत तसे. तिसरा काळा आणि ओला. बोटाला पुसून बघितलं तर तेल. प्लगांची अदलाबदल केली तरी कोड तिसऱ्याचाच. चाचांचा चेहरा बदलला. म्हणाले, ‘आता दाब बघायचा.’

प्रत्येक सिलिंडरच्या प्लगच्या जागी दाबाचं मीटर लावून, पेट्रोल बंद करून, स्टार्टर फिरवायचा. याला कॉम्प्रेशन टेस्ट म्हणतात. आकडा किती यावा, हे प्रत्येक गाडीचं वेगळं असतं, पण सगळ्या सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक म्हणजे धोक्याची घंटा. आमचे आकडे आले १६५, १६० आणि १०५. मग चाचांनी तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजलं. आकडा १४५वर गेला. तेल टाकल्यावर दाब वाढला, याचा अर्थ पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, तेलाने तात्पुरती फट बुजली. तेल टाकूनही आकडा हलला नसता, तर व्हॉल्व्हवर संशय गेला असता. दोन्हींचा अर्थ एकच : इंजिन उघडायचं.

सर्व्हिसचं पुस्तक मागितलं. त्यात दोन नोंदींच्या मधे बावीस हजार किलोमीटर गाडी चाललेली आणि ऑइल बदलल्याची खूण नाही. टर्बो आणि इंजिन एकाच ऑइलवर जगतात. इंजिनाच्या रिंगांची ही दशा, तर टर्बोच्या दांड्याची काय असेल? एजंट म्हणाला, ‘चाळीस हजार कमी करतो मॅडम, आज टोकन द्या. संध्याकाळी पुण्याचं गिऱ्हाईक येतंय.’ मी म्हटलं, ‘येऊ दे.’

एसटीने वाईला परत येताना मला वाईट वाटलं, हे खोटं कशाला बोलू? दोन दिवस गेले होते, पुढच्या आठवड्यातल्या दोन्ही खेपांना पुन्हा भाड्याचीच गाडी सांगावी लागणार होती. पण चाचांच्या सातशे रुपयांनी आणि दोन दिवसांनी माझे लाख-दीड लाख वाचवले होते. आणि त्याहून मोठं म्हणजे, पहाटेच्या अंधारात मागच्या सीटवर सासूबाईंना घेऊन हायवेवर उभं राहायची वेळ टळली होती.

दुसरी गाडी, तेच दुखणं

तीन आठवड्यांनी कराडच्या एका शिक्षिकेची गाडी कळली. तीही टर्बो पेट्रोल आणि गंमत म्हणजे तीही मिसिंग मारणारी. पण या बाईंनी ते फोनवरच सांगितलं. ‘चढाला कधीकधी झटका देते, मी गॅरेजला नेलेली नाही, बघून घ्या.’ घरातले म्हणाले, ‘एकदा हात पोळले नाहीत ते पुरे नाही का? परत मिसिंगवाली कशाला?’ पण झटका सारखा असला, तरी कारण सारखं असतंच असं नाही.

पुन्हा तोच क्रम. बॉनेट गार. सुरू होताना थरथर नाही. स्कॅनरमधल्या चाचण्या पूर्ण आणि कोड न पुसता तसाच ठेवलेला, पी०३०२. चढाला नेली, धक् धक् झालं, पण दिवा लुकलुकायच्या आत मी पाय काढला. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर टाकली, तर कोड आला पी०३०१. दोष कॉइलबरोबर चालत गेला होता! कॉइल उलटी करून बघितली तर रबराच्या नळीवर केसाएवढी बारीक भेग. प्लगही मुदत संपलेले, टोकं झिजून फट वाढलेली. दाबाचे आकडे तिन्हींचे १६० ते १६८च्या मधे.

मग टर्बो बघितला. हवेचा पाइप सोडवून चाचांनी पंख्याच्या दांड्याला बोट लावलं. बाजूला किंचित हलला तर चालतं, कारण तिथे ऑइलचा थर बसायचा असतो. पण आत-बाहेर सरकला किंवा पाती कडेला घासल्याची खूण दिसली, तर टर्बो गेला समजायचं. इंटरकूलरच्या पाइपात तेलाचा हलका ओलावा चालतो, थारोळं चालत नाही. टर्बोची बारीक शीळ ऐकू येणं साहजिक आहे, पण रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखा आवाज येत असेल, तर तिथूनच नमस्कार करावा. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर ‘फुस्स’ आवाज येऊन ओढ कमी झाली, तर एखादा रबरी पाइप फाटलेला किंवा निसटलेला असतो. त्यानेही मिसिंग येऊ शकतं आणि ते काम स्वस्तात होतं.

या गाडीची ऑइलची सगळी बिलं एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये तारखेवार लावलेली होती. दरवर्षी एक, न चुकता. मला तर ती फाइल बघूनच निम्मी खात्री पटली. बाईंनी कॉइल आणि तिन्ही प्लग स्वतःच्या खर्चाने बदलून द्यायचे, मग पुन्हा चढाची चक्कर मारायची आणि नंतरच पैसे, असं ठरलं. चार लाख पस्तीस हजारांत व्यवहार झाला. झटका गेला तो गेलाच.

कागदांचंही इंजिन तपासा

गाडी चांगली आणि कागद बिघडलेले, असंही होतं. आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः ताडून बघा. गाडीवर बँकेचं कर्ज नोंदलेलं असेल, तर ते फिटल्याचं पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. दंडाची थकलेली चलनं ऑनलाइन बघता येतात. १ एप्रिल २०१९च्या आधीची गाडी असेल, तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावली आहे का ते विचारा. आणि विमा विसरू नका. गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करायला कंपनीकडे अर्ज द्यायचा असतो. तो राहिला आणि गाडी ठोकली, तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

घेतल्यानंतर टर्बोची काळजीही थोडीच आहे. कंपनीने सांगितलेल्याच दर्जाचं ऑइल, ठरलेल्या किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा बदलायचं. सकाळी चालू केल्या केल्या जोरात पळवायची नाही. घाट चढून आल्यावर लगेच किल्ली फिरवायची नाही, मिनिटभर नुसती चालू ठेवायची. गरम तवा लगेच पाण्याखाली धरत नाही, तसंच हे. आणि वरच्या गियरमध्ये अगदी हळू चालत असताना एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा नाही, आधी गियर खाली घ्यायचा. छोट्या टर्बो इंजिनांचे पिस्टन अशा दडपणाने खराब होऊ शकतात.

मैत्रिणींनो, मला इंजिन दुरुस्त करता येत नाही, आजही नाही. पण डॉक्टर नसूनही आपण घरात ताप मोजतोच ना? किती आला, कधी चढतो, कशाने उतरतो हे डॉक्टरांना नीट सांगणारी बाईच पेशंटला निम्मं बरं करते. गाडीच्या बाबतीत तेवढं जमलं, तरी समोरचा आपल्याला सहज गुंडाळू शकत नाही.

गाडी बघायला जाताना

* सकाळी लवकर जा. बॉनेटवर हात ठेवून इंजिन गार असल्याची खात्री करा. गार इंजिनातच कूलंटची पातळी बघा. गरम असताना टाकीचं झाकण कधीही उघडू नका.
* ऑइलचं झाकण उघडून आतली बाजू बघा. लोण्यासारखा पांढरट थर असेल, तर ऑइलमध्ये पाणी जात असण्याची शक्यता आहे, मेकॅनिकला दाखवा.
* धूर बघा. थंडीत सुरुवातीची पांढरी वाफ चालते. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, तापल्यावरही पांढरा आणि गोडसर वासाचा असेल, तर कूलंट जळतंय.
* किल्ली फिरवल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा आधी पेटून मग विझतो का, ते बघा. पेटलाच नाही, तर तो मुद्दाम काढलेला असू शकतो.
* स्कॅनर लावायला सांगा. कोड नसले, तरी चाचण्या पूर्ण आहेत का ते विचारा.
* चारजण बसवून, एसी लावून चढावर चालवून बघा. जवळ घाट नसेल, तर मोठा उड्डाणपूलही चालेल.
* मिसिंग आढळलं, तर कॉइल, मग प्लग, मग इंजेक्टर, मग दाब, या क्रमाने तपासा. कारण सापडल्याशिवाय भाव करू नका.
* डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतात. तिथे झटका आला, तर आधी इंजेक्टरवर संशय घ्या. ते बदलणं खर्चिक असतं.
* ताकद वाढवण्यासाठी कॉम्प्युटरमध्ये बदल केलेत का, ते सरळ विचारा. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, बाहेरचा एअर फिल्टर दिसला, तर दोनदा विचारा.
* मेकॅनिक आपला न्या, त्याची फी आधी द्या आणि त्याचं म्हणणं पटलं नाही तरी पूर्ण ऐका.
* ‘आज टोकन नाही दिलं तर गाडी जाईल’ असं कोणी म्हणालं, तर खुशाल जाऊ द्या. बाजारात गाड्या पुष्कळ आहेत.